डिस्क मोकळी, तरी 'जागा नाही': साखर कारखान्याच्या सर्व्हरवरचं सेमाफोरचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात हे घडलं. चार वजनकाटे, शेतकी विभागाच्या ऊसनोंदी, गट ऑफिसं, हिशेब, सगळा भार एकाच सर्व्हरवर. त्यावर सेंटओएस ७ हे लिनक्स, त्याच्यासोबतच येणारा पोस्टग्रेस ९.२ हा डेटाबेस, अपाचे वेब सर्व्हर आणि काट्यावरचं वजन वाचणारे सी भाषेतले जुने प्रोग्रॅम. त्या हंगामात चिटबॉयांना, म्हणजे ऊसतोडीच्या नोंदी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना, मोबाइल ॲप दिलं होतं. तोडीची नोंद थेट फडातून व्हायला लागली, कनेक्शनं वाढली आणि संध्याकाळच्या गर्दीत डेटाबेस 'टू मेनी क्लायंट्स' म्हणत नव्या कनेक्शनांना नकार द्यायला लागला. एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शनं चालतील ते ठरवणारं 'मॅक्स_कनेक्शन्स' ३०० वर होतं, ते ६०० करायचं ठरलं. हा आकडा डेटाबेस बंद करून सुरू केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून रात्री बाराला पाळी बदलताना ईडीपी, म्हणजे संगणक विभागानं काम काढलं.

डेटाबेस बंद झाला, तो परत उठेना.

काट्यावर हातानं वजन लिहायची वही असते, ती बाहेर निघाली. पण भरगाडीचं वजन आधी संगणकात गेलेलं आणि रिकामी गाडी आता वहीत, अशा गाड्यांची जुळणी करता करता क्लार्क मेटाकुटीला आले. "साहेब, गाड्या रस्त्यापर्यंत आल्यात की ओ, अजून किती वेळ?" हा प्रश्न ईडीपीच्या फोनवर सारखा येत होता. तोडलेला ऊस थांबला की वाळतो, वजन घटतं, आणि ती घट शेतकऱ्याच्या बिलात दिसते. त्यामुळे असल्या रात्री शांत डोक्यानं लॉग वाचणं कुणालाच जमत नाही.

लॉगमधली जी ओळ व्हॉट्सॲपवर फिरली ती अशी: 'कुड नॉट क्रिएट सेमाफोर्स: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. पहिले चार शब्द कुणी वाचले नाहीत, शेवटचे पाच सगळ्यांनी वाचले. 'डीएफ -एच' मारलं तर डिस्क निम्म्याहून जास्त मोकळी. तरी सावधगिरी म्हणून जुने बॅकअप उडवले. मग कुणीतरी आयनोड (प्रत्येक फाइलीमागं लागणारी नोंद) संपल्याची शंका काढली. ती शंका रास्त होती, कारण आयनोड संपले तरी हाच संदेश येतो. पण 'डीएफ -आय'मध्येही भरपूर शिल्लक. पुढं इंटरनेटवरून एक ओळ मिळाली, 'कर्नल.सेम = २५० ३२००० १०० १२८', ती '/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ'मध्ये डकवून लागू केली. डेटाबेस तरीही उठला नाही. शेवटी ६०० चा आकडा परत ३०० केला आणि तो पहिल्या फटक्यात सुरू झाला. काटे चालू झाले, रांग हलली. त्या रात्रीपुरता हाच बरोबर निर्णय होता.

मला हे प्रकरण सकाळी कळलं. ३०० ला चालतो आणि ६०० ला चालत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून डिस्कचा विषय संपला होता.

संदेश असा का येतो

कर्नलकडं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडं, चुकांचे क्रमांक ठरलेले आहेत. २८ व्या क्रमांकाचा मजकूर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. फाइल लिहायला जागा नसली तरी हाच क्रमांक, आणि सेमाफोरचा नवा संच मागितला पण कर्नलची मर्यादा भरली असली तरी हाच. सामायिक मेमरीचा तुकडा मागणाऱ्या कॉललाही मर्यादा भरल्यावर हाच क्रमांक परत मिळतो. त्यामुळे कोणता सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडं केलेली कोणती मागणी, फसला ते आधी बघायचं. पोस्टग्रेस ते स्वतःहून सांगतो. त्या ओळीखाली तपशिलाची एक ओळ असते आणि तिच्याखाली सूचना, की याचा अर्थ डिस्क भरली असा नाही, संचांची किंवा एकूण सेमाफोरांची मर्यादा ओलांडली जात आहे. 'सिस्टीमसीटीएल स्टेटस'मध्ये लांब ओळी कापल्या जातात, आणि स्क्रीनशॉटमध्ये तर पहिली ओळच राहते. मी पूर्ण जर्नल, म्हणजे सिस्टीमचा अख्खा लॉग, मागवलं.

सेमाफोर म्हणजे कर्नलनं सांभाळलेला एक आकडा. काट्यावर एका वेळी एकच गाडी चढावी म्हणून टोकन देतात, तसं एखादं सामायिक साधन एका वेळी किती प्रक्रियांनी (चालू प्रोग्रॅमांनी) वापरावं हे त्या आकड्यावरून ठरतं. डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि सिस्टम ५ युनिक्समधून ती आज आपण वापरतो त्या रूपात आली. त्या रूपाचा एक स्वभाव या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे: सेमाफोर संचांनी मिळतात आणि संच प्रक्रियेच्या मालकीचा नसतो. प्रक्रिया मेली तरी संच कर्नलमध्ये राहतो. कुणीतरी मुद्दाम काढेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत.

लिनक्समध्ये यावर चार मर्यादा आहेत आणि चारही '/प्रॉक/सिस/कर्नल/सेम' या फाइलमध्ये एका ओळीत, ठरलेल्या क्रमानं दिसतात. पहिला आकडा एका संचात जास्तीत जास्त किती सेमाफोर, म्हणजे सेमएमएसएल. दुसरा अख्ख्या सिस्टीममध्ये मिळून किती सेमाफोर, सेमएमएनएस. तिसरा सेमाफोरचा आकडा बदलणाऱ्या एका सेमॉप कॉलमध्ये किती क्रिया, सेमओपीएम. चौथा एकूण संच किती, सेमएमएनआय. सेंटओएस ७ च्या ३.१० कर्नलमध्ये मूळ आकडे २५०, ३२०००, ३२, १२८. दुसरा आकडा पहिल्या आणि चौथ्याचा गुणाकार आहे. नावं इतकी सारखी आहेत की माणूस हमखास गोंधळतो. 'आयपीसीएस -एलएस' मारलं तर हेच आकडे वाक्यांत वाचायला मिळतात, तेच बघावं.

आता त्या डकवलेल्या ओळीकडं परत बघा. २५० ३२००० १०० १२८. ही ओरॅकलच्या इन्स्टॉलेशनसाठी सांगितली जाणारी ओळ. मूळ आकड्यांशी तुलना केली तर त्यात फक्त तिसरा आकडा बदलतो, ३२ चा १०० होतो. आपली अडचण चौथ्याची. म्हणजे औषध दिलं ते दुसऱ्याच दुखण्याचं, आणि गुण आला नाही म्हणून 'सेमाफोरचा प्रश्न नाहीच' असा उलटा निष्कर्ष काढला जाण्याची पाळी आली होती. कोणती मर्यादा अडते हे चुकीच्या प्रकारावरूनही ओळखता येतं. एका संचात परवानगीपेक्षा जास्त सेमाफोर मागितले तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं, एका कॉलमध्ये जास्त क्रिया दिल्या तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. 'नो स्पेस' आलं की दुसरा किंवा चौथा आकडा.

लॉगमधला एक आकडा

जर्नलमध्ये तपशिलाची ओळ होती: संच मागणारा सेमगेट कॉल फसला, आणि कंसात ५४३२०३५, १७, ०३६००. यातला पहिला आकडा संचाची किल्ली. पोस्टग्रेसचा हा जुना अवतार किल्ल्या पोर्ट क्रमांकावरून बनवतो. पोर्ट ५४३२, त्याला हजारानं गुणायचं आणि पुढं एकेक मोजत जायचं. पहिला संच ५४३२००१, दुसरा ५४३२००२. म्हणजे ५४३२०३५ हा पस्तिसावा संच. चौतीस मिळाले, पस्तिसाव्याला कर्नलनं नाही म्हटलं.

दुसरा आकडा १७, संचातल्या सेमाफोरांची संख्या. त्यातले सोळा कामाचे आणि सतरावा ओळखीचा. त्यात ५३७ ही किंमत ठेवलेली असते, जेणेकरून हा संच आपलाच हे डेटाबेसला पुढच्या वेळी कळावं.

आता गरज किती होती? ९.२ च्या दस्तऐवजातलं सूत्र सोपं आहे. मॅक्स_कनेक्शन्स, अधिक ऑटोव्हॅक्यूमचे कामगार (डेटाबेसची आपोआप सफाई करणाऱ्या प्रक्रिया, इथं तीन), अधिक चार, या बेरजेला सोळानं भागायचं आणि वरचा पूर्णांक घ्यायचा. ३०० साठी ३०० + ३ + ४ = ३०७, म्हणजे २० संच. ६०० साठी ६०७, म्हणजे ३८ संच. मर्यादा १२८ आणि गरज ३८, तरी पस्तिसाव्याला गाडी अडली. याचा अर्थ डेटाबेस बंद असतानाही ९४ संच दुसऱ्याच कुणाकडं होते. ९४ अधिक २० म्हणजे ११४, म्हणून ३०० ला चालायचं. ९४ अधिक ३८ म्हणजे १३२, म्हणून ६०० ला अडायचं.

एकूण सेमाफोरांची, म्हणजे दुसऱ्या आकड्याची, शंका इथंच मिटते. ३८ संचांचे ६४६ सेमाफोर होतात. ३२००० पुढं ते काहीच नाहीत.

सर्व्हरवर जाऊन रूट म्हणून 'आयपीसीएस -यूएस' मारलं. वापरातले संच ११४, सेमाफोर ४३४. हिशेब तंतोतंत. मग 'आयपीसीएस -एस'ची यादी मालकावरून लावली. वीस पोस्टग्रेसचे, किल्ल्या हेक्समध्ये ००५२ई२सी१ पासून पुढं, म्हणजे ५४३२००१ पासून. तीन वेब सर्व्हरचे. आणि एक्याण्णव 'काटा' या युजरच्या नावावर, प्रत्येकात एकच सेमाफोर, किल्लीच्या रकान्यात सगळी शून्यं.

काटे चार, संच एक्याण्णव

शून्य किल्ली म्हणजे प्रोग्रॅमनं संच 'आयपीसी_प्रायव्हेट' म्हणून मागितलेला. असा संच दर वेळी नवाच मिळतो. वजन वाचणारा प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःची एक प्रत काढायचा. एक भाग इंडिकेटरवरून येणारे आकडे वाचायचा, दुसरा डेटाबेसमध्ये टाकायचा, आणि दोघांत सामायिक असलेल्या आकड्यावर एका वेळी एकानंच हात घालावा म्हणून हा एक सेमाफोर. नीट बंद केला तर प्रोग्रॅम जाताना संच काढून टाकायचा. कोड वाचला, त्यात ती ओळ होती.

पण तो नीट बंद होतच नव्हता. काट्याचं केबल हललं किंवा मधला कन्व्हर्टर अडला की वाचन थांबायचं, म्हणून कुणीतरी पूर्वी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, एक स्क्रिप्ट टाकलं होतं: आकडा शिळा झाला की प्रोग्रॅमला 'किल -९' आणि नवा सुरू. '-९' प्रक्रियेला आवरायला एक क्षणही देत नाही. दर मरणामागं एक संच मागं राहायचा. कोडमध्ये 'सेम_अंडू' वापरलं होतं, आणि ते आहे म्हणजे सगळं आपोआप साफ होतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. ते सेमाफोरची किंमत पूर्ववत करतं, संच काढत नाही.

पूर्वी हे कधीच कळलं नाही, कारण ऑफ सीझनमध्ये सर्व्हर देखभालीसाठी बंद व्हायचा आणि सगळं पुसलं जायचं. हंगाम संपेपर्यंत डेटाबेस सोडून बाकी सगळ्यांचे मिळून संच १०८ च्या आत राहिले की झालं. या वेळी डेटाबेसनं जास्त मागितलं आणि दोन्ही गोष्टी समोरासमोर आल्या. मॅक्स_कनेक्शन्स वाढवलं नसतं तरी हंगामाच्या शेवटी कधीतरी हेच झालं असतं, तेही कुणीही काही बदललेलं नसताना, आणि ते शोधायला याहून अवघड गेलं असतं.

सफाई

अनाथ संच काढायचे, पण कसे? इंटरनेटवर एक ओळीचं स्क्रिप्ट सर्रास फिरतं, यादीतला प्रत्येक संच 'आयपीसीआरएम -एस'ला देणारं. चालू डेटाबेसवर ते चालवलं तर त्याचे संचही उडतात. त्यांच्यावर वाट बघणाऱ्या प्रक्रियांना संच काढून टाकल्याची चूक मिळते आणि डेटाबेस कोसळतो. काट्यावर गाड्या उभ्या असताना हा जुगार नको.

प्रत्येक संचाची 'आयपीसीएस -एस -आय' आणि क्रमांक देऊन माहिती काढली. त्यात शेवटची क्रिया कधी झाली आणि कोणत्या पीआयडीनं (प्रक्रियेच्या क्रमांकानं) केली हे दिसतं. तो पीआयडी जिवंत नसला की संच अनाथ, असं म्हणायचा मोह होतो, पण पीआयडी फिरून पुन्हा वापरले जातात, तेव्हा नुसत्या त्यावर विसंबू नये. आम्ही उलट बाजूनं गेलो. चालू असलेले चार प्रोग्रॅम आणि त्यांच्या चार प्रती यांचे पीआयडी आधी लिहून घेतले, ज्या चार संचांवर त्यांची ताजी क्रिया दिसत होती ते बाजूला काढले. 'काटा' युजरखाली दुसरं काही चालतच नव्हतं, त्यामुळे उरलेले सत्त्याऐंशी निर्धास्त काढता आले. काटे बंद न करता. वापर २७ संचांवर आला.

इथं ईडीपी मॅनेजरांनी रास्त प्रश्न विचारला: मग मर्यादा वाढवायची गरजच काय? ६०० कनेक्शनं धरली तरी ३८ अधिक ७, म्हणजे पंचेचाळीस. १२८ पुष्कळ झाले. खरं आहे. पण चालू हंगामात काट्याच्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही असं ठरलं होतं आणि क्रॉनचं स्क्रिप्ट काढलं तर काटा अडल्यावर रात्री उठून कुणीतरी जावं लागणार. गळती तोपर्यंत चालूच राहणार, म्हणून हंगामापुरता पैस ठेवायचा एवढ्यासाठीच चौथा आकडा दुप्पट केला. ओळ झाली २५० ६४००० ३२ २५६. चौथा वाढवला की दुसराही त्या प्रमाणात वाढवावा. पहिल्याला हात लावायचं कारण नव्हतं, डेटाबेसला एका संचात सतराच लागतात. तिसरा मूळचा ३२ केला, नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी 'हा १०० कशासाठी' म्हणून विचारत बसलं असतं.

'सिससीटीएल -डब्ल्यू'नं हा बदल लगेच लागू होतो, रीबूट लागत नाही. पुढच्या बूटला टिकावा म्हणून '/ईटीसी/सिससीटीएल.डी'मध्ये वेगळी फाइल केली. आणि त्या रात्री 'सिससीटीएल.कॉन्फ'मध्ये डकवलेली ओळ काढली. हे राहिलं असतं तर फसलो असतो, कारण ती फाइल सगळ्यांत शेवटी वाचली जाते आणि पुढच्या रीबूटला तिनं १२८ परत आणला असता. एकच सेटिंग दोन ठिकाणी असणं हा मर्यादा बदलण्यातला सगळ्यांत जास्त भेटणारा घोळ आहे. 'ग्रेप' या शोधाच्या कमांडनं कुठं कुठं आहे ते आधी बघावं.

पुढच्या पाळीबदलाला ६०० लावलं, डेटाबेस उठला. माझं मत विचाराल तर ६०० हा आकडा काही फार शहाणपणाचा नव्हे. चिटबॉयांची ॲपं बहुतेक वेळ नुसती कनेक्शन धरून बसलेली असतात. मध्ये थोडीच कनेक्शनं अनेकांत वाटून देणारं पीजीबाउन्सर बसवलं तर ३०० मध्ये भागतं. ते पुढं केलं, पण हंगाम संपल्यावर.

ऑफ सीझनमधलं काम

प्रोग्रॅम दुरुस्त करताना पर्याय बरेच होते. सामायिक मेमरीत एक युक्ती चालते: तुकडा जोडून घेतला की लगेच 'काढून टाक' सांगायचं, वापरणारे संपले की कर्नल तो आपोआप पुसतं. सेमाफोरला ही युक्ती लागू नाही. तिथं काढ म्हटलं की संच त्याच क्षणी जातो. ठरलेली किल्ली वापरून दर वेळी तोच संच उघडणं शक्य होतं. पण फक्त एका वेळी एकानं आत जावं एवढीच गरज असताना सेमाफोर तरी कशाला? फाइलीवरचं 'फ्लॉक' पुरतं, प्रक्रिया मेली की कुलूप आपोआप सुटतं, '-९'नं मेली तरी. एकच पथ्य: दोन्ही भागांनी ती फाइल वेगवेगळी उघडायची. प्रत काढायच्या आधी उघडली तर कुलूप दोघांत सामायिक होतं आणि कुणालाच अडवत नाही. क्रॉनच्या स्क्रिप्टमध्येही आधी नीट बंद व्हायला सांगणारा 'सिगटर्म', थोडं थांबून मगच '-९' असा क्रम लावला.

इतर युनिक्सवाल्यांसाठी थोडक्यात. सोलारिस १० च्या आधी हे आकडे '/ईटीसी/सिस्टम'मध्ये लिहून रीबूट करावं लागायचं, १० पासून ते प्रोजेक्टच्या मर्यादांमध्ये गेले, 'प्रॉजमॉड' आणि 'पीआरसीटीएल'नं बदलता येतात. एचपी-यूएक्सवर 'केसीट्यून'. फ्रीबीएसडीवर 'कर्न.आयपीसी' खालचे आकडे बूट होताना लोडरच्या फाइलमधून घेतले जातात. एससीओवर तर कर्नल पुन्हा लिंक करण्यापासून तयारी.

कारखान्याचा सर्व्हर नंतर बदलला. लिनक्समध्ये ३.१९ कर्नलपासून मूळ आकडेच ३२०००, १०२४००००००, ५०० आणि ३२००० असे आहेत, आणि पोस्टग्रेस १० पासून लिनक्सवर सिस्टम ५ ऐवजी पॉझिक्स सेमाफोर वापरतो. त्यामुळे ही चूक या रूपात तिथं पुन्हा दिसणार नाही. पण एखादा जुना प्रोग्रॅम संच गळत असेल तर तेही ३२००० भरेपर्यंत दिसणार नाही. म्हणून देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये मर्यादेच्या किती टक्के वापर झाला हे बघणं सोडून दिलंय. रोज सकाळी युजरवार संच मोजले जातात आणि कुणाही एकाच्या नावावरचा आकडा कालच्यापेक्षा वाढला की ईडीपीला मेल जातो. कंटेनरमधल्या प्रोग्रॅमांचे संच यजमान मशीनच्या यादीत दिसत नाहीत, त्यांचा आयपीसी नेमस्पेस, म्हणजे सेमाफोरांचं स्वतंत्र दालन, सहसा वेगळा असतो. तिथली मोजणी कंटेनरच्या आत जाऊन करावी लागते.